सागरदृश्यचित्रण : रायगड किनारा (एकोणिसावे शतक)

भूमी, पाणी व आकाश यांचा संयोग आणि त्या तिहींना एकत्र बांधणारा प्रकाश हा ज्याचा प्रमुख विषय असतो, अशा निसर्गचित्रप्रकारास सागरदृश्यचित्रण म्हणतात. केवळ जहाजांची किंवा सागरी युद्धांची चित्रे या प्रकारात मोडत नाहीत. एखाद्या किनाऱ्याची विशिष्ट वेळ, विशिष्ट ऋतू व त्यातून प्रेक्षकाच्या मनात उमटणारी भाववृत्ती यांना येथे प्राधान्य असते. कोकणच्या किनाऱ्यावर या प्रकाराची सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय चित्रकारांच्या हातून झाली आणि एकोणिसाव्या शतकात मुद्राचित्रांच्या द्वारे त्याचा प्रसार झाला.

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) किनाऱ्याचे दोन भाग चित्रकलेच्या दृष्टीने वेगळे धरावे लागतात. मुंबई बंदराच्या पूर्वेकडील घारापुरी बेट, उरण, करंजा येथील द्रोणागिरी आणि त्यांच्या पाठीमागे दिसणारे कर्नाळा व प्रबळगड हा पहिला भाग. मुंबईहून पूर्वेकडे पाहून रेखाटलेल्या बंदराच्या चित्रात पाण्यापलीकडची जी डोंगररांग दिसते ती मुख्यतः हीच होय. कर्नाळ्याच्या सुळक्याला इंग्रज ‘फनेल हिल’ म्हणत, कारण बंदरात शिरणाऱ्या गलबतांना तो दुरून ओळखता येई. दुसरा भाग अलिबाग, रेवदंडा, चौल, मुरूड ते श्रीवर्धन–हरिहरेश्वरपर्यंतचा खुला, पश्चिमाभिमुख किनारा. या भागाची चित्रे त्या मानाने कमी आहेत. त्याचे कारण कलेपेक्षा राजकारणात शोधणे अधिक योग्य ठरेल. अलिबागच्या आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले, तर जंजिरा सिद्दींकडे १९४८ पर्यंत राहिले. चित्रकार बोटीने मुंबईस उतरत, मुंबईतच आश्रयदाते शोधत आणि एका दिवसात जाऊन परतता येईल अशी स्थळे निवडत. घारापुरी (→ घारापुरी) त्या सोयीचे होते.

आरंभीचे चित्रकार : स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) १७९१ मध्ये मुंबईस आले. मुंबई बेट व त्याचा परिसर यांची बारा दृश्ये त्यांनी तयार केली. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने लेण्यांची मोजमापासह रेखाटने करण्याचे कार्यही त्यांनी हाती घेतले होते. या कामात पुण्याचे गंगाराम तांबट हे त्यांचे साहाय्यक होते. कार्ले व वेरूळ येथील लेण्यांची तांबट यांनी केलेली रेखाटने उपलब्ध आहेत. यूरोपीय पद्धतीचे यथादर्शन आत्मसात केलेल्या पहिल्या मराठी चित्रकारांत त्यांची गणना करावी लागते. मात्र त्यांचे लक्ष शिल्पावर व वास्तूवर होते, समुद्रावर नव्हते.

टॉमस डॅन्येल (१७४९–१८४०) व त्यांचे पुतणे विल्यम डॅन्येल (१७६९–१८३७) हे १७९३ मध्ये मुंबईस आले असता वेल्स यांच्यासमवेत त्यांनी परिसरातील लेणी पाहिली. त्यांच्या ओरिएंटल सीनरी (१७९५–१८०८) या १४४ ॲक्वाटिंट मुद्राचित्रांच्या प्रचंड मालिकेत घारापुरीच्या लेण्याचे प्रवेशद्वार व अंतर्भाग यांची चित्रे आहेत. ती १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवेशद्वाराच्या चित्रात मानवनिर्मित स्तंभ आणि वर माजलेली झाडी यांचा विरोध साधून काळाच्या ओघात हरवलेल्या वास्तूची भाववृत्ती निर्माण केली आहे. समुद्र प्रत्यक्ष दाखविला नसला, तरी बेटावरचा खारा, दमट एकांत या चित्रातून जाणवतो. विल्यम डॅन्येल यांनी पुढे ब्रिटनच्या संपूर्ण किनाऱ्याभोवती प्रवास करून ३०८ ॲक्वाटिंट चित्रांची मालिका (१८१४–२५) केली. इंग्लंडमधील सागरदृश्यचित्रणाची ही एक महत्त्वाची कृती मानली जाते आणि तिच्यामागे भारतात मिळविलेली तंत्रावरील पकड होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

विल्यम वेस्टल (१७८१–१८५०) यांचा प्रवास अधिक खडतर होता. मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या ऑस्ट्रेलिया समन्वेषण मोहिमेवर (१८०१–०३) ते चित्रकार म्हणून गेले होते. परतीच्या वाटेवर १८०३ मध्ये त्यांचे जहाज प्रवाळखडकावर फुटले व त्यांची अनेक रेखाटने पाण्यात भिजली. तेथून चीनमार्गे ते १८०४ मध्ये मुंबईस पोहोचले, सह्याद्रीच्या परिसरात हिंडले आणि कार्ले व घारापुरी येथील लेणी त्यांनी पाहिली. त्यांच्या चित्रावरून केलेले ‘मॉन्सूनचे आगमन, मुंबई बंदर’ हे ॲक्वाटिंट, कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले (१७८६–१८७७) यांनी पश्चिम भारताच्या दृश्यांचा ३६ रंगीत चित्रांचा जो संग्रह १८२६–३० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आहे. मुंबईतील वास्तव्य व चित्राचे प्रकाशन यांत वीस वर्षांहून अधिक अंतर पडले आहे, हे या चित्राचा विचार करताना विसरता येत नाही.

भाववृत्ती : या चित्रांमागे दोन सौंदर्यकल्पना होत्या. एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये मांडलेली उदात्ताची कल्पना भय, विस्तार व अंधार यांतून निर्माण होणाऱ्या थरारावर भर देते. विल्यम गिल्पिन (१७२४–१८०४) यांनी लोकप्रिय केलेली चित्ररम्यतेची कल्पना खडबडीत पोत, भग्नावशेष व अनियमित रेषा यांत सौंदर्य पाहते. घारापुरीचे लेणे चित्ररम्य होते, तर पावसाळ्याच्या तोंडावरचे बंदर उदात्त. रचनेचा सांगाडा मात्र दोहोंतही बहुधा सतराव्या शतकातील क्लोद लॉरेन (१६००–८२) यांचाच असे : एका बाजूस गडद झाड, पुरोभागी छाया, मध्यभागी उजेडातले पाणी आणि मागे फिकट होत गेलेले क्षितिज.

हा सांगाडा कोकणच्या किनाऱ्यावर सहजासहजी बसत नाही. क्लोद यांच्या चित्रातील झाडाचा दाट पर्णसंभार चित्राची बाजू बंद करतो. नारळाचा सडपातळ सोट व वरचा मोकळा झाप ते काम करू शकत नाही. त्यामुळे बाजूस वडाचे किंवा आंब्याचे झाड उभे करून माडांना मध्यभागी ढकलण्याची युक्ती चित्रकारांना करावी लागते. प्रत्यक्ष किनाऱ्यावर पुळणीच्या कडेला माड व सुरू आणि खाडीच्या मुखाशी तिवरांचे रान, असा क्रम दिसतो. तिवरांना या चित्रांत जवळजवळ स्थान नाही. चिखलाण व खारफुटी त्या काळच्या अभिरुचीस रम्य वाटत नसत.

दुसरी अडचण प्रकाशाची. मुंबई बंदरातून पूर्वेस पाहिले असता सकाळी सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो. त्या वेळी कर्नाळा, प्रबळ, द्रोणागिरी यांच्या केवळ निळसर छायाकृती दिसतात आणि पाण्यावर प्रकाशाचा एकच लखलखता पट्टा असतो. दुपारनंतर सूर्य पश्चिमेस झुकला की तेच डोंगर पुढून उजळतात व त्यांच्या घळी, कडे, जांभळट कातळ स्पष्ट होतात. अलिबाग–चौलच्या बाजूस परिस्थिती नेमकी उलटी असते. तेथे पुळणीवर उभे राहून संध्याकाळी पाहिल्यास समुद्र प्रकाशाच्या विरुद्ध दिसतो आणि कुलाबा किल्ल्यासारखी वास्तू सोनेरी पाण्यावरची काळी आकृती बनते. म्हणून किनाऱ्याच्या एखाद्या चित्रातील छाया कोणत्या बाजूस पडल्या आहेत यावरून त्या चित्राची वेळ व चित्रकाराचे स्थान बरेचसे ठरविता येते. छाया दोन दिशांना पडलेल्या आढळल्या, तर चित्र स्थळावर न होता कार्यशाळेत जुळविले गेले असे समजावे.

हवेची पारदर्शकता हा तिसरा मुद्दा. इंग्लंडच्या दमट, धूसर हवेत दूरचे डोंगर टप्प्याटप्प्याने निळे व फिकट होत जातात आणि जलरंगातील वातावरणीय यथादर्शन याच अनुभवावर उभे आहे. कोकणात पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, हवा इतकी स्वच्छ असते की दूरचा डोंगर हाताशी आल्यासारखा दिसतो. माघ–फाल्गुनात उलट धुळकट पांढरेपण सर्व रंग खाऊन टाकते. इंग्लंडमध्ये पूर्ण केलेल्या चित्रांतील नीटस निळे टप्पे या दोहोंपैकी कोणत्याच स्थितीशी जुळत नाहीत. अशा चित्रांत शांत, स्वप्नवत भाववृत्ती आढळते, ती रायगडच्या किनाऱ्यापेक्षा थेम्सच्या खोऱ्याची अधिक आहे, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

पावसाळ्याच्या आरंभीचे दृश्य मात्र लॉरेनप्रणीत रचनेलाच आव्हान देणारे आहे. वैशाख–ज्येष्ठात मॉन्सूनपूर्व गडगडाटी मेघ दुपारनंतर सह्याद्रीवर जमतात, तर पश्चिमेकडील क्षितिज अद्याप मोकळे असते. परिणामी बंदरातील पाणी, शिडे व घारापुरीचा उतार तिरप्या उन्हात उजळलेले आणि त्यांच्यामागे शिसवी काळे आकाश, असे दृश्य काही मिनिटे टिकते. पुरोभाग उजळ व दूरचा भाग गडद अशी ही उलटी मांडणी आहे. तीत नजर खोलवर जाण्याऐवजी मागील काळोख पुढे सरकत असल्याचा भास होतो आणि या भासातच ‘आगमना’चा आशय आहे. याच सुमारास कोळी आपल्या होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारून ठेवतात व नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद राहतो. इंग्रज प्रेक्षकाला ज्यात उदात्त भय जाणवे, त्यात किनाऱ्यावरील माणसाला वर्षाच्या कामाचा एक ठरलेला टप्पा दिसे. चित्रांतील इवल्या मानवाकृतींचे प्रयोजन मुख्यत्वे प्रमाण दाखविण्याचे असल्यामुळे हा दुसरा अर्थ त्यांत उतरलेला नाही.

तंत्र : स्थळावर केले जाणारे काम बहुतांशी पेन्सिलीचे रेखाटन व त्यावर एकदोन पातळ रंगलेप एवढ्यापुरतेच असे. डॅन्येल द्वयाने कॅमेरा ऑब्स्क्युरा या उपकरणाचा वापर केला. भिंगातून कागदावर पडणारी प्रतिमा गिरविल्याने वास्तूची प्रमाणे अचूक येत, परंतु हलते पाणी व ढग गिरविता येत नसत. म्हणून त्यांच्या चित्रांत दगड प्रत्यक्ष पाहिलेला आणि आकाश बहुधा रचलेले असते. भरती–ओहोटीमुळेही अडचण येई. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक बदलते. रेखाटन पुरे होईपर्यंत पुढील खडक पाण्याखाली गेलेला किंवा पाण्याच्या जागी चिखल उघडा पडलेला असे.

जलरंगात पांढऱ्याचे काम मूळ कागदच करतो. फेसाळ लाट दाखविण्यासाठी तेवढी जागा कोरी राखणे, ओला रंग फडक्याने टिपून घेणे किंवा सुकलेला रंग चाकूच्या टोकाने खरवडणे, असे तीन उपाय प्रचलित होते. जस्तयुक्त ‘चायनीज व्हाइट’ हा अपारदर्शक पांढरा रंग १८३४ मध्ये बाजारात आल्यावर चौथा उपाय मिळाला, पण त्यामुळे पाण्याची पारदर्शकता कमी झाली. पावसाळी ढगांसाठी नीळ व इंडियन रेड (लोहयुक्त तांबडा) यांचे मिश्रण इंग्लिश चित्रकारांच्या विशेष पसंतीचे होते. त्यातून उबदार करड्यापासून काळपट जांभळ्यापर्यंत छटा मिळत.

ॲक्वाटिंट हे तंत्र झां-बातिस्त ल प्रँस यांनी १७६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केले आणि पॉल सँडबी यांनी १७७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुजविले. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून तो तापवितात. भुकटीचे कण पत्र्यास चिकटतात आणि त्यांच्या मधल्या जागेतून अम्ल पत्रा खाते. ज्या भागास फिकट ठेवावयाचे त्यावर रोगण लावून पत्रा पुन्हा अम्लात बुडवितात. जितक्या वेळा बुडवावे तितका उरलेला भाग गडद होतो. छटा अशा प्रकारे पायऱ्यापायऱ्यांनी मिळत असल्यामुळे कातळ, स्तंभ, जहाजाची बाजू यांसाठी हे तंत्र उत्तम, परंतु अखंड विरत जाणाऱ्या आकाशासाठी कठीण आहे. यावर तोडगा म्हणून आकाश निळ्या व जमीन तपकिरी शाईने छापीत आणि नंतर प्रत्येक प्रतीवर हाताने जलरंग चढवीत. वादळी ढगांच्या कडा विरघळविण्याचे काम त्यामुळे उत्कीर्णकाराकडून रंग भरणाऱ्या कारागिराकडे जाई. हे कारागीर अनामिक राहिले. त्यांनी भारताचा किनारा पाहिलेला असण्याची शक्यता अल्प होती.

शिवाय राळेच्या कणांनी निर्माण केलेला तांब्यावरचा पोत नाजूक असतो. काही शेकडा प्रती निघाल्या की तो झिजू लागतो आणि सर्वप्रथम नाहीसा होतो तो आकाशातील हलका करडा. म्हणून एकाच चित्राच्या सुरुवातीच्या प्रतीत दाटून आलेले आभाळ आणि नंतरच्या प्रतीत निव्वळ ढगाळ दुपार दिसणे शक्य असते. शिलामुद्रणाने ही अडचण काही अंशी दूर केली. दगडावर तेलकट खडूने थेट रेखाटता येत असल्याने मऊ, दाणेदार छटा मिळे. होसे एम. गोन्साल्व्हिस यांची मुंबईची शिलामुद्रित दृश्ये १८२६ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाली. त्यांचे विशेष महत्त्व असे, की रेखाटन व मुद्रण यांमध्ये अर्ध्या जगाचे अंतर येथे नव्हते.

रंगांचा ऱ्हास : जुन्या जलरंगचित्रांतील भाववृत्तीविषयी निष्कर्ष काढताना एक रासायनिक बाब ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. नीळ उजेडात उडते, लोहयुक्त तांबडा टिकतो. परिणामी निळीच्या मिश्रणाने रंगविलेले करडे ढग दीर्घकाळ भिंतीवर टांगले गेल्यास तांबूस होतात. डब्ल्यू. जे. रसेल व डब्ल्यू. डी. डब्ल्यू. ॲबनी यांनी जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामाविषयीचा आपला अहवाल १८८८ मध्ये सादर केला. त्याने हा प्रश्न शास्त्रीय पातळीवर आणला आणि संग्रहालयांतील प्रकाशयोजनेविषयी मोठा वाद झाला. आज एखाद्या चित्रात जी उबदार, सायंकालीन उदासी जाणवते ती मुळात भरून आलेल्या दुपारची गर्द निळाई असू शकेल. चौकटीच्या पट्टीखाली झाकलेली कड उघडून पाहिल्यास मूळ रंग अनेकदा सापडतो. संग्रहाच्या बांधीव खंडात मिटून राहिलेल्या मुद्राचित्रांचे रंग या दृष्टीने अधिक विश्वसनीय असतात.

पुरावा म्हणून उपयोग : या चित्रांचा स्थानिक इतिहासासाठी उपयोग करता येतो, मात्र प्रत्येक घटकाची विश्वासार्हता वेगवेगळी असते. घारापुरीच्या धक्क्याजवळील दगडी हत्तीचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. पोर्तुगीजांनी ज्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, त्या हत्तीचे मस्तक व मान १८१४ मध्ये कोसळली. पुढे १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईस नेण्यात आले. आज तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात पुन्हा जोडलेल्या स्थितीत उभा आहे. बेटावर धड हत्ती दाखविणारे चित्र म्हणून १८१४ पूर्वीच्या निरीक्षणावर किंवा पूर्वीच्या चित्राच्या नकलेवर आधारलेले असले पाहिजे. डोंगरांच्या उंचीवर मात्र विसंबू नये. सुळके उंच व कडे उभे करून दाखविण्याची त्या काळी सर्रास प्रथा होती आणि कर्नाळ्याचा सुळका मुळातच असा आहे, की अतिशयोक्तीचा मोह आवरणे कठीण. नौकांच्या बाबतीत पुढे झुकलेली डोलकाठी व तिरपे शीड ही मचवे, फत्तेमाऱ्या यांची खूण तपासून पाहावी. ती चुकली असेल, तर चित्रकाराने इंग्लिश नौका आठवणीने काढली असे समजण्यास हरकत नाही.

उत्तरकाल : मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि स्थलदर्शक चित्रांची गरज हळूहळू कॅमेरा भागवू लागला. परंतु त्या काळच्या ओल्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे. किनाऱ्यावरील ढग छायाचित्रात येत नसत, म्हणून आकाश हे चित्रकाराचे क्षेत्र आणखी काही दशके अबाधित राहिले.

सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ मध्ये झाली. तेथे १८६५ मध्ये आलेले जॉन ग्रिफिथ्स (१८३७–१९१८) यांच्या कारकीर्दीत प्रत्यक्ष निरीक्षणावर भर देण्यात आला. शतकाच्या अखेरीस तेथून बाहेर पडलेल्या मराठी चित्रकारांनी जलरंगावर असामान्य प्रभुत्व मिळविले. त्यांपैकी आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) यांनी पाणी व प्रकाश यांचा सर्वांत सूक्ष्म अभ्यास केला, पण तो कोल्हापूरच्या रंकाळ्यावर व कोटितीर्थावर. समुद्रकिनारा त्यांच्या वाट्यास आला नाही. मा. के. परांडेकर (१८७७–१९६१) व सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या पिढीने ओल्या कागदावर वेगाने रंग सोडण्याची रीत हाताळली. विरघळत्या कडांचे जे पावसाळी आभाळ ॲक्वाटिंटला पायऱ्यापायऱ्यांनी उभारावे लागे, ते या रीतीने काही क्षणांत साधू लागले. स्थळावरच चित्र पुरे करणे त्यामुळे शक्य झाले आणि ठरीव इंग्लिश झाडाची बाजूची चौकट आपोआप गळून पडली.

डॅन्येल द्वयाच्या कृतींचा मोठा संग्रह कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये आहे. वेल्स व गंगाराम तांबट यांची रेखाटने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहेत, तर ग्रिंडले यांच्या संग्रहाची मुद्राचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात.